हललं की मला कळतं

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकतो, मी भित्रा आहे. जन्माचाच भित्रा. तुम्ही हसाल, पण माझं सगळं आयुष्य या भित्रेपणावरच चाललं आहे, आणि त्याच कामासाठी मला घडवलं गेलं.

माझं नाव व्यतिकरणमापी. हे नाव घेताना पोरांची जीभ वळायची नाही, म्हणून लातूरच्या ज्या कॉलेजात मी तीस वर्षं काढली तिथे मला सगळे 'रिंगांचं मशीन' म्हणत. बिडाचा जड पाट, त्यावर दोन लहान आरसे आणि मधोमध तिरपी उभी एक काच, एवढाच माझा संसार. ती काच अर्धा उजेड पुढे जाऊ देते आणि अर्धा बाजूला वळवते. दोन्ही वाटांनी गेलेला उजेड आरशांवरून परत फिरतो आणि पुन्हा एकत्र मिसळतो. मिसळला की डोळ्याला दिसतात एकात एक बसलेली गोल कडी, एक पिवळं, एक काळं. पण एखादा आरसा केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका जरी सरकला, तरी ती कडी पळू लागतात. कुणी दार आपटलं की माझ्या पोटात गोळा येतो तो असा सगळ्यांना दिसतो.

माझा जन्म अंबाल्यातल्या एका कारखान्यातला. तिथल्या कारागिरानं माझे आरसे चार-चारदा पुसले, भुशाच्या खोक्यात मला निजवलं आणि वरून खिळे ठोकले. रेल्वे, मग ट्रक. लातूरला पोचेपर्यंत माझा जीव मुठीत होता. खोकं उघडलं तेव्हा वर दोन चेहरे दिसले. एक पंचाक्षरी सरांचा. ते भौतिकशास्त्र शिकवायचे. दुसरा सिद्धराममामांचा. ते प्रयोगशाळेत सामान लावायचे, पुसायचे, आणि पोरांना सरांपेक्षा जास्त रागवायचे.

"सर, हे लई नाजूक दिसून राहिलंय," मामा म्हणाले.

"नाजूक नाही सिद्धराम, हुशार आहे," सर म्हणाले. तेवढी एक शाबासकी मला पुढे वर्षानुवर्षं पुरली.

सरांनी मला दगडी ओट्यावर बसवलं आणि माझ्या वर भिंतीला स्वतः काढलेलं एक चित्र चिकटवलं. निळा तारा आणि त्याच्या कमरेभोवती तांबडी तबकडी. दर वर्षी नव्या वर्गाला ते सांगत, "काही निळे, तापलेले तारे इतक्या जोरात गरगरतात की त्यांच्या कमरेवरचा वायू सुटतो आणि भोवती तबकडीसारखा फिरत राहतो. प्रकाश तपासला की ती तबकडी आहे हे कळतं. पण तिचं नीट चित्र कुणाकडे नाही, हे मी अंदाजानं काढलंय. कितीही मोठी दुर्बीण लावा, तारा ठिपकाच दिसतो. उद्या दुर्बिणी लांब लांब ठेवून त्यांचा उजेड या मशीनसारखा एकत्र मिसळतील, तेव्हा कुठे ती दिसेल." पोरं मान डोलवायची आणि परीक्षेत किती मार्कांना येतं ते विचारायची.

मग त्र्याण्णव साल आलं.

त्या पहाटेचं मी फार सांगणार नाही. गणपती विसर्जन करून लोक नुकते निजले होते. माझ्या ओट्याखालची जमीन आधी बारीक थरथरली, मग जरा थांबली, आणि मग जे आलं त्यात शेजारच्या कपाटातल्या बाटल्या फुटल्या, भिंतीला चीर गेली. मी ओट्याला धरून राहिलो. लातूर शहर बरंचसं वाचलं, पण औसा आणि निलंग्याकडची गावं दगडमातीच्या ढिगात गेली.

कॉलेज पुन्हा भरलं तेव्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात तनुजा नावाची मुलगी आली. औशाकडच्या एका गावाची. शिकायला लातुरात सिंधुआत्याकडे राहायची म्हणून ती वाचली. वडील हणमंतराव शेतावर राखणीला होते म्हणून ते वाचले. आई घरात होती. तिच्या अंगावर घराचं मातीचं माळवद आलं.

तनुजा वर्गात बसायचीच नाही. दारात उभी राहायची, पळता यावं म्हणून पायांत चपला घालूनच, एक पाय बाहेर. सगळं ऐकायची, लिहून घ्यायची, पण डोक्यावर स्लॅब आला की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. आत्या तिला पटांगणात पत्र्याखाली निजवत होती. वडील म्हणाले होते, जमत नसेल तर शेतावर ये, शिक्षण राहू दे. म्हणजे तिचं कॉलेज त्या उंबऱ्याशी अडलं होतं. आत येता आलं तर पुढे, नाहीतर इथेच संपलं.

सरांनी तिला माझ्यापाशी बोलावलं. "तनुजा, एकदाच इथून बघ." ती भीत भीत आली आणि तिनं माझ्यात डोळा लावला. पिवळी कडी अगदी शांत होती.

"ही थांबलेली आहेत ना? म्हणजे जमीन थांबलेली आहे. जोवर ही स्थिर, तोवर तू निवांत बस."

चांगल्या माणसाच्या तोंडून गेलेलं हे एक वाक्य, पण त्यानं पुढे घात केला.

तनुजा रोज माझ्याजवळ बसू लागली. अकरा ते चार. डोळा माझ्यावर, वही मांडीवर. पोरींनी ते पाहिलं, घरी सांगितलं, आणि आठ दिवसांत गावभर झालं की पंचाक्षरी सरांच्या मशीनला भूकंप आधीच कळतो. मग काय विचारता! दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, रिक्षावाले आले, जळकोटहून एक म्हातारे शिवप्पा एसटीनं आले. कुणी माझ्या पाटावर हळद-कुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला, कुणी अगरबत्ती लावली. धूर माझ्या आरशांवर बसला. सर डोक्याला हात लावून म्हणायचे, "अहो, याला आधी काहीही कळत नाही. हललं की कळतं, तेवढंच!" पण भ्यालेल्या माणसाला एवढंसं वाक्य कुठे ऐकू जातं? सिद्धराममामांनी तर माझ्या ओट्याला लिंबू-मिरची बांधली आणि सरांपासून लपवायला वर फडकं टाकलं.

मला त्या दिवसांत फार भीती वाटायची, मित्रांनो. एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला तर कुठलाही धक्का सारखाच. बैलगाडी गेली तरी माझी कडी थरथरतात आणि धरणी हादरली तरी थरथरतात. भिणं मला येत होतं, पण कशाला भ्यायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

एके दिवशी भर दुपारी माझी कडी फुटली. थरथरली नाहीत, साफ पुसली गेली. तनुजानं किंचाळून सांगितलं, "हललं! पळा!"

आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, आणि तिथे त्या वेळी तीन वर्ग भरले होते. जिना एकच, तोही अरुंद. सगळे एकदम धावले. सिद्धराममामा जिन्यात आडवे हात करून ओरडत होते, "हळू! पोरांनो, हळू!" त्यांनाच धक्का लागला आणि ते आठ पायऱ्या खाली गेले. उजवा पाय नडगीत मोडला.

भूकंप नव्हता. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बोअरची गाडी आली होती. तिथे एका कोचिंग क्लासची इमारत व्हायची होती आणि आधी पाणी बघत होते.

प्राचार्यांनी मला कपाटात टाकून कुलूप लावायला सांगितलं. त्यांचंही काय चुकलं? अंधारात बसून मी एकच विचार करत होतो, मामा पडले ते माझ्यामुळे. तनुजा कॉलेजात यायची बंद झाली. आत्यानं सांगितलं की ती जेवत नाही आणि तिच्या वडिलांनी तिला न्यायला यायचा दिवस ठरवला आहे.

त्याच्या आदल्या दिवशी कुलूप उघडलं. सरांनी मला ओट्यावर मांडलं, आरसे पुसले, पिवळा दिवा लावला. व्हरांड्यात तनुजा उभी होती, सामान बांधून झाल्यावर नुसतं भेटायला आलेली. आणि प्लास्टर घातलेला पाय पुढे करून खुर्चीवर बसले होते सिद्धराममामा. त्यांना दोघांनी उचलून आणलं होतं.

"पोरी, पाय माझा मोडलाय, अन् घरात बसून तू राहिलीस व्हय?" मामा म्हणाले.

ती रडायला लागली. "मामा, माझ्यामुळं झालं. मला कळलंच न्हाई. मला लई भ्या वाटतंय."

"वाटू दे की. मला बी वाटतंय. पण बोअरला भ्यायचं का धरणीला भ्यायचं, एवढं तरी वळखायला शीक. नुसतं भिऊन काय हुतंय?"

सर खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी आहे, तनुजा. हललं तर घाबर, एवढंच मी तुला शिकवलं. कशानं हललं ते विचारायला शिकवलंच नाही."

मामा कुबड्या घेऊन उठले. "सर, मी व्हरांड्यातून चालतो. पोरी, तू बघ अन् सांग, मला सोडून दुसरं कुणी चाललंय का ते."

ती उंबऱ्यात थांबली. तिनं एक पाय आत घेतला, मग दुसरा. चपला तशाच होत्या. तिनं डोळा लावला. बाहेर टक, टक, मग जड धप्प. टक, टक, धप्प. माझी कडी दोनदा चिमटा घेतल्यागत हलायची आणि मग एकदा दचकायची.

"हे तुम्ही हाव मामा," ती म्हणाली. "दोन बारीक, एक मोठा." आणि भूकंपानंतर पहिल्यांदा ती हसली. वडील दुसऱ्या दिवशी आले आणि एकटेच परत गेले.

त्यानंतर तिची एक वेगळी वही झाली. ट्रक गेला की लांब डुलकी. दार आपटलं की एक झटका आणि लगेच शांत. बोअर म्हणजे सारखं एकाच तालात पुसणं. कपाट सरकवणं, पळणारं पोर, पंखा, सगळं तिनं लिहून ठेवलं. सर रोज विचारायचे, "आज काय काय हललं?" ती माझी भीती वाचायला शिकली. खरं सांगतो, माझी भीती मला स्वतःला पहिल्यांदा कळली ती तिच्या वहीतून. एकदा वर भिंतीकडे बघत तिनं सरांना विचारलं, "हा तारा एवढा गरगरतोय, अंगचं सुटून चाललंय, तरी पडत न्हाई व्हय सर?" सर म्हणाले, "लाखो वर्षं पडत नाही."

आणि मग जानेवारीत, वर्ग भरलेला असताना, माझी कडी बारीक थरथरली. थांबली. मला ती पहाट आठवली आणि मी गारठलो.

तनुजानं डोळा काढला नाही. आवाज मात्र कापत होता. "सर, ह्यो बोअर न्हाई. ह्यो खरा हाय. आधी बारीक आलाय, आता मोठा येईल. रांगेनं उतरा. पळू नका."

जिन्यात कुणी पळालं नाही. दुसरा हादरा आला तेव्हा निम्मी पोरं पटांगणात होती, निम्मी भिंतीला लागून खाली बसली होती. धक्का लहानच निघाला. कुणाला खरचटलंही नाही. तनुजा सगळ्यांत शेवटी उतरली, आणि तेव्हा मामांच्या लक्षात आलं की पोरगी अनवाणी आहे. चपला तिनं सकाळीच दाराबाहेर काढल्या होत्या.

पुढे ती शिकत शिकत पुण्याला गेली, तिथून परदेशी. तिची पत्रं यायची, सर ती मामांना वाचून दाखवायचे आणि मी ऐकायचो.

इकडे लातूर बदललं. शेजारच्या प्लॉटवर चार मजली क्लास उभा राहिला, मग त्याच्या शेजारी दुसरा. नायगाव, देगलूर, माहूरकडून पोरं बॅगा घेऊन येऊ लागली. सगळ्यांना डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं होतं. बीएस्सीला पोरं उरली नाहीत. प्रयोगशाळा सराव परीक्षांना दिली गेली आणि मी पुन्हा कपाटात गेलो. या वेळी कुणाचा राग नव्हता, नुसता विसर होता, आणि रागापेक्षा तो वाईट. निकालाच्या आधी कुणीतरी पोर माझ्या कपाटाला पाठ टेकून बसायचं. त्याच्या छातीची धडधड लाकडातून माझ्या आरशापर्यंत यायची. मला सगळं कळायचं, पण माझ्यात दिवा नव्हता.

सर निवृत्त झाले. काही वर्षांनी माझं नाव डेड स्टॉकच्या यादीत गेलं. भंगारवाल्याचा तराजू दारात लागला तेव्हा माझी दातखीळ बसली. निवृत्तीला आलेले सिद्धराममामा लंगडत आले, प्राचार्यांपाशी अडून बसले, आणि रीतसर कागद करून मला सोडवून आणलं. मांडीवर धरून एसटीनं त्यांनी मला नांदेडला नेलं. सर तिथे मुलीकडे, मुग्धाताईंकडे राहायला गेले होते.

वाटलं, आता सुटलो. पण सरांनी माझ्या स्क्रूला हात लावला आणि मी हादरलो. त्यांचा हात थरथरत होता. कंपवात. माझी कडी जुळेनात, नुसती नाचत राहिली. सरांनी तीन दिवस प्रयत्न केला. चौथ्या दिवशी माझ्यावर फडकं टाकलं आणि पुन्हा उचललं नाही. आजवर लोक मला हलताना बघून भ्यायचे. आता सर स्वतःचा हात माझ्यात बघून भ्याले होते. त्यांनी पत्रं लिहिणंही सोडलं, अक्षर वाकडं येतं म्हणून. पाहुणे आले की हात उपरण्याखाली लपवायचे. त्या सुमारास नांदेडात जमिनीतून गुडगुड आवाज यायचे, लोक भिऊन रस्त्यावर यायचे. सर खुर्चीवरून उठायचे नाहीत. फडक्याखाली मी एकटा थरथरायचो.

आणि एका सकाळी दारात चपला काढल्याचा आवाज आला.

तनुजा होती. केसांत पांढरं आलेलं, बोलणं मात्र तेच. मागोमाग काठी टेकत मामा. तिनं पिशवीतून एक कागद काढून सरांसमोर धरला. त्यावर एक लांबट तांबडं चकतं होतं आणि मधे उजेड.

"वृषभ राशीच्या शिंगाच्या टोकावरचा निळा तारा, सर. ही त्याची तबकडी. रंग आम्ही भरलाय, हा उजेड डोळ्याला दिसत न्हाई. पण आकार खरा हाय."

सरांनी मान पुढे करून कागद पाहिला. हात लपलेलेच.

ती सांगत राहिली. डोंगरावर लांब लांब दुर्बिणी आहेत, त्यांचा उजेड आरशांवरून एका खोलीत आणतात आणि मिसळतात, की माझ्या कड्यांसारखे काळे-उजळ पट्टे उमटतात. तारा नुसता ठिपका असता तर पट्टे ठळकच राहिले असते. तबकडी पसरट, म्हणून दुर्बिणी लांब घेतल्या की पट्टे फिके पडतात. कुठल्या दिशेला किती फिके, त्यावरून चित्र मांडायचं. "पण हवा सारखी हलती, सर. पट्टे एक क्षण थांबत न्हाईत. सोबतची मंडळी सुरुवातीला वैतागायची. मी म्हणायची, हलू दे, कशानं हलतंय ते आधी बघू. मला सवय हुती की."

मग तिनं माझ्यावरचं फडकं ओढलं. "सर, जुळवा."

"माझ्याच्यानं होत नाही," सर म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मामांनी मान फिरवली.

"जुळवा तर."

तिनं लाल लेझर लावला आणि समोरच्या भिंतीवर रोखून लहानसा कॅमेरा ठेवला. सरांनी हात बाहेर काढला. बोटं स्क्रूला लागली आणि भिंतीवर माझी कडी वेडीवाकडी नाचू लागली. ती तालात नाचत होती, सेकंदाला पाच वेळा. सरांनी डोळे मिटून घेतले, पण बोटं थांबली नाहीत. इतकी वर्षं जे केलं ते बोटांना पाठ होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी स्क्रू फिरवणं थांबवलं, हात मात्र काढला नाही.

"बघितलंस? निव्वळ थरथर," ते म्हणाले.

"सर, ह्यो कॅमेरा सेकंदाला शंभर फोटो काढतोय. एवढ्याशा वेळात हलणारं बी उभं राहतंय." तिनं त्यातला एक फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि सरांची खुर्ची पडद्याकडे फिरवली. "आता बघा."

लाल आणि काळी, एकात एक, मधोमध बसलेली, अगदी गोल कडी.

"दुसरा बघा. तिसरा. सगळीकडं गोलच हाय. हात हलून राहिलाय सर, पण जुळणी तुमचीच बरोबर हाय."

सरांनी तिन्ही फोटो पाहिले. मग त्यांनी दुसरा हातही उपरण्याखालून काढला आणि तांबड्या तबकडीचा कागद दोन्ही हातांनी धरला. कागद फडफडत होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही.

मित्रांनो, मी अजून भित्राच आहे. आत्ता हे सांगतानाही रस्त्यावरून ट्रक गेला आणि मी दचकलो. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी थरथरताना दिसलं, तर त्याला कपाटात घालू नका, आणि त्याच्यावर फडकंही टाकू नका. जवळ बसा आणि विचारा, कशानं हललं. तेवढ्यानं माझं भागलं.

सर आता रोज सकाळी चहा झाला की माझ्यावरची धूळ पुसतात आणि कडी जुळवतात. काल त्यांचा हात फार हलत होता. कडी गोल होती.